लोकशाहीला मार्क देणारं 'व्ही-डेम' नेमकं आहे तरी कोण? स्वीडनच्या एका राज्यशास्त्र विभागाची गोष्ट

मार्च महिना आला की मोबाईलवर एक ठरलेली पोस्ट फिरायला लागते. जगाचा नकाशा, त्यावर लाल-निळ्या छटा आणि खाली एक ओळ : भारत आता लोकशाही देश राहिला नाही, स्वीडनच्या संस्थेचा अहवाल. कमेंटमध्ये लगेच दोन गट पडतात. एक म्हणतो, बघा, आम्ही सांगतच होतो. दुसरा म्हणतो, हे परदेशी पैशावर चालणारे एनजीओवाले, यांना कोण विचारतं.

गंमत म्हणजे दोन्ही गटांतल्या बहुतेकांना हे आकडे नेमकं कोण काढतं ते माहीत नसतं. हे काही एनजीओचं ऑफिस नाही, संयुक्त राष्ट्रांची समिती नाही, वर्तमानपत्रही नाही. गॉथेनबर्ग विद्यापीठाच्या राज्यशास्त्र विभागातलं ते एक संशोधन केंद्र आहे. म्हणजे आपल्याकडे जिथे बीए, एमएची मुलं 'राजकीय सिद्धांत' आणि 'तुलनात्मक शासन' शिकतात, तशाच एका विभागातलं. तिथे बसून जगातल्या दोनशेच्या आसपास देशांच्या लोकशाहीला मार्क दिले जातात आणि त्या मार्कांवर दिल्लीत मंत्र्यांना उत्तर द्यावं लागतं.

एका विभागाला हे कसं जमतं, ते मार्क पडतात कसे आणि त्यांच्यावर किती विश्वास ठेवायचा, ते बघू.

विभागाच्या आत केंद्र म्हणजे काय?

गॉथेनबर्ग हे स्वीडनचं दुसऱ्या क्रमांकाचं शहर. बंदराचं गाव, व्होल्वोचं मुख्यालय इथलंच. इथलं विद्यापीठ १८९१ साली कॉलेज म्हणून सुरू झालं आणि १९५४ साली त्याला विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

आपल्याकडे विभाग म्हटलं की डोळ्यांसमोर येतं टाइमटेबल, परीक्षा, एचओडीची केबिन आणि नोटीस बोर्ड. शिकवणं हे मुख्य काम, संशोधन ज्याचं त्याने वेळ काढून करायचं. गॉथेनबर्गचा विभागही शिकवतोच. पण तिथे प्राध्यापक बाहेरून संशोधनाचा निधी मिळवतात आणि त्या पैशातून विभागातच माणसं नेमतात. दोन-चार प्राध्यापक एका विषयावर दर आठवड्याला बसून चर्चा करतात, एकमेकांचे लेख वाचतात, तो झाला गट. त्याला पैसा लागत नाही, फक्त खोली आणि कॉफी लागते. एखाद्या प्रश्नावर तीन ते पाच वर्षांचा निधी मिळाला की त्याचा प्रकल्प होतो. आणि एकामागून एक प्रकल्प मिळत गेले, स्वतःचे कर्मचारी, स्वतःची वेबसाइट, स्वतःचा डेटा तयार झाला, की त्याला केंद्र किंवा इन्स्टिट्यूट म्हणायला लागतात.

कागदोपत्री हे केंद्र वेगळं नसतं. त्यातली माणसं विद्यापीठाचीच नोकर असतात, हिशोब विद्यापीठच ठेवतं. शिवाय स्वीडनमधलं सरकारी विद्यापीठ ही कायद्याने सरकारी यंत्रणा असते. त्या देशात १७६६ सालापासून सरकारी कागद लोकांना बघता येण्याचा हक्क आहे, म्हणजे आपल्या माहिती अधिकाराचा पणजोबाच. तो हक्क या विभागालाही लागू होतो.

नावाचा घोळ मात्र लक्षात ठेवा. स्वीडिश भाषेत 'इन्स्टिट्यूशन' म्हणजे विद्यापीठाचा विभाग. त्या विभागाच्या पोटात 'इन्स्टिट्यूट' नावाचं केंद्र. मराठीत दोन्हीला आपण 'संस्था' म्हणतो आणि मग बातमीत 'स्वीडनची संस्था' एवढंच उरतं.

एकाच विभागात किती दुकानं?

व्ही-डेम हे या विभागातलं सगळ्यात प्रसिद्ध केंद्र असलं तरी सगळ्यात जुनं नाही.

जुनं काम निवडणुकांचं. १९५० च्या दशकात योर्गेन वेस्टरस्टॉल या प्राध्यापकाच्या पुढाकाराने इथे मतदारांच्या मुलाखती घेऊन निवडणुकीचा अभ्यास करायला सुरुवात झाली. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाने १९४८ पासून हेच चालवलं होतं, त्या पद्धतीचा त्यावर प्रभाव होता. आज स्वीडनमध्ये कुठला मतदार कुठल्या पक्षाकडून कुठे सरकला हे सांगायचं तर या अभ्यासाशिवाय पान हलत नाही, कारण त्यात काही मतदारांना लागोपाठच्या दोन निवडणुकांत गाठून विचारलं जातं. माणूस पाच वर्षांपूर्वी कुणाला मत दिलं हे विसरतो, किंवा जिंकलेल्या पक्षालाच दिलं होतं असं सांगतो. आधीच लिहून ठेवलेलं उत्तर तसं बदलत नाही.

१९८६ पासून 'सोम' नावाची वार्षिक पाहणी सुरू झाली. समाज, जनमत आणि माध्यमं या तीन स्वीडिश शब्दांची ती आद्याक्षरं. राज्यशास्त्र आणि पत्रकारिता या दोन्ही शाखांच्या लोकांनी मिळून ती उभी केली. दरवर्षी लोकांना प्रश्नावली पाठवायची आणि संसदेवर, बँकांवर, पेपरवर, एकमेकांवर किती विश्वास आहे ते विचारायचं. प्रश्न साधेच, पण तीस-चाळीस वर्षं तेच विचारल्यावर त्याची किंमत कळते.

२००४ साली बो रोथस्टीन आणि सोरेन होल्मबर्ग यांनी 'क्वालिटी ऑफ गव्हर्न्मेंट' म्हणजे 'क्यूओजी' नावाचं केंद्र काढलं. त्यांचा प्रश्न आपल्याला फार जवळचा आहे. सरकार चांगलं आहे म्हणजे नक्की काय? निवडणूक होते, पक्ष बदलतात, तरी तलाठी कार्यालयात ओळखीशिवाय काम होत नाही, मग त्या लोकशाहीचा सामान्य माणसाला उपयोग काय? रोथस्टीन आणि यान टिओरेल यांनी २००८ साली मांडलं की चांगल्या शासनाचा गाभा म्हणजे निःपक्षपातीपणा. अधिकाऱ्याने कायदा राबवताना समोरचा कोण आहे, कुणाचा आहे हे बघू नये. सत्ता मिळवण्याची बाजू लोकशाहीची, सत्ता वापरण्याची बाजू निःपक्षपातीपणाची. दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि एक असली म्हणजे दुसरी असतेच असं नाही.

याच केंद्राने युरोपात देशाऐवजी प्रांत मोजायला सुरुवात केली. २०१० पासून दर काही वर्षांनी ते लोकांना विचारतात : तुमच्या भागातल्या दवाखान्यात, शाळेत, पोलिसांकडे सगळ्यांना सारखी वागणूक मिळते का, लाच द्यावी लागते का? उत्तरं आली तेव्हा कळलं की एकाच देशातल्या दोन प्रांतांत दोन देशांइतका फरक असू शकतो. इटलीच्या उत्तर आणि दक्षिण भागातली दरी हे त्याचं ठळक उदाहरण. मागास भागांना पैसे देताना युरोपियन युनियन हे आकडे बघतं. विदर्भ-मराठवाड्याच्या अनुशेषावर आपल्याकडे एवढी चर्चा होते, पण सरकारी कचेरीत मिळणाऱ्या वागणुकीचा अनुशेष कुणी मोजलाय का, असा प्रश्न हे वाचताना पडतो.

याशिवाय स्थानिक शासनावर काम करणारं एक केंद्र आहे, ते एलेन लस्ट या अभ्यासक अमेरिकेतल्या येल विद्यापीठातून इथे घेऊन आल्या. सामूहिक कृतीवर, म्हणजे हवामानबदलासारख्या प्रश्नावर सगळ्यांनी मिळून वागायला माणसं कधी तयार होतात यावर, आणखी एक आहे.

आणि मग व्ही-डेम

'व्हरायटीज ऑफ डेमॉक्रसी', म्हणजे लोकशाहीचे नाना प्रकार. २०११ साली मायकेल कॉपेज, जॉन गेरिंग आणि इतर काही अभ्यासकांनी एक लेख लिहून तक्रार केली की लोकशाही मोजण्याच्या तेव्हाच्या पद्धती फार ढोबळ आहेत. सगळ्या देशाला एकच आकडा आणि तो कसा आला याचा पत्ता नाही. त्याऐवजी लोकशाहीचे शेकडो लहान तुकडे करा, प्रत्येक तुकडा वेगळा मोजा आणि सगळा कच्चा माल लोकांसमोर ठेवा. आफ्रिकेतल्या निवडणुकांचे अभ्यासक स्टाफान लिंडबर्ग यांनी २०१४ साली गॉथेनबर्गच्या विभागात त्यासाठी केंद्र सुरू केलं.

आज त्यात दोनशेच्या वर देशांची (काही आता अस्तित्वात नसलेलेही) माहिती आहे, काही बाबतीत थेट १७८९ पासूनची. निर्देशक शेकडो, आणि जगभरातले चार हजारांच्या आसपास तज्ज्ञ.

आता मुद्द्याचं. मार्क कसे पडतात?

साधारण निम्मे निर्देशक सरळ माहितीचे असतात. मताधिकार कुणाला आहे, संसदेला किती सभागृहं आहेत, निवडणूक कधी झाली. हे राज्यघटना आणि सरकारी कागद बघून भरता येतं. भांडण उरलेल्या निम्म्याचं. निवडणूक आयोग सरकारपासून किती मोकळा आहे? सरकार माध्यमांवर किती दबाव आणतं? सरकारच्या विरोधातला निकाल लागला तर सरकार तो पाळतं का? याची मोजपट्टी कुठल्या दुकानात मिळत नाही. म्हणून त्या देशाचा अभ्यास करणाऱ्या तज्ज्ञांना विचारलं जातं. एका प्रश्नासाठी साधारण पाच तज्ज्ञ. त्यातले निम्म्याहून जास्त त्याच देशातले किंवा तिथे राहणारे असावेत असा प्रयत्न असतो. प्रत्येक प्रश्नाला बहुधा चार-पाच पर्याय आणि प्रत्येक पर्यायाचं सविस्तर वर्णन. तज्ज्ञाने पर्याय निवडायचा आणि आपल्याला त्याची किती खात्री आहे तेही नोंदवायचं.

इथे कुणीही शहाणा माणूस विचारेल : एक तज्ज्ञ कडक, दुसरा ढिला, मग तुलना कशी? दहावी-बारावीच्या पेपर तपासणीत हाच प्रश्न येतो. लातूरचा परीक्षक हात आखडता घेतो आणि दुसरीकडचा सढळ असतो, म्हणून बोर्ड मॉडरेटर नेमतं. व्ही-डेममध्ये मॉडरेटरचं काम संख्याशास्त्राचं एक मॉडेल करतं. त्यासाठी दोन युक्त्या वापरतात. एक, काही तज्ज्ञांना स्वतःच्या देशाशिवाय दुसऱ्या देशांचेही पेपर तपासायला देतात. दोन, सगळ्यांना एकाच काल्पनिक देशाचं वर्णन वाचायला देऊन मार्क द्यायला सांगतात. पेपर एकच, त्यामुळे कोण किती कडक आहे ते उघडं पडतं आणि त्या हिशोबाने बाकीचे मार्क सरळ केले जातात. तज्ज्ञांमध्ये मतभेद जास्त असतील तर अंतिम आकड्याभोवतीची अनिश्चितता वाढते आणि ती आकड्यासोबतच छापली जाते.

मग हे तुकडे जोडले जातात. पहिली पायरी 'निवडणूक लोकशाही'चा निर्देशांक, शून्य ते एक. अमेरिकन विचारवंत रॉबर्ट डाल यांच्या कल्पनेवर तो बेतलेला आहे. त्यात पाच घटक : स्वच्छ निवडणुका, संघटना करण्याचं स्वातंत्र्य, बोलण्याचं आणि माध्यमांचं स्वातंत्र्य, सत्तेवरचे लोक निवडून आलेले असणं आणि मताधिकार. हे घटक नुसते बेरजेने जोडत नाहीत, गुणाकारही करतात आणि दोन्हींची सरासरी घेतात. गुणाकार का? कारण मताधिकार शंभर टक्के असला आणि बोलायची मात्र बंदी असली, तर एकाने दुसऱ्याची भरपाई होत नाही. मीठ विसरलेल्या आमटीत गूळ वाढवून चालत नाही, तसंच.

त्याच्यावर कायद्यापुढची समानता, न्यायालयाचा आणि संसदेचा सरकारवरचा अंकुश हे घातलं की 'उदारमतवादी लोकशाही'चा निर्देशांक तयार होतो. सहभागाची, चर्चेची आणि समतेची लोकशाही असे आणखी तीन प्रकार आहेत, पण बातमीत येतात ते पहिले दोनच.

भारताचं काय झालं?

मार्च २०२१. व्ही-डेमचा अहवाल आला. भारताचा उदारमतवादी लोकशाहीचा आकडा २०१३ मध्ये ०.५७ होता, तो २०२० अखेर ०.३४ वर आला होता. आणि भारताचं वर्णन 'निवडणूक लोकशाही'ऐवजी 'इलेक्टोरल ऑटोक्रसी' असं झालं. मराठी पेपरांनी त्याचं 'निवडणूक होणारी हुकूमशाही', 'निवडणुकीय एकाधिकारशाही' असं काय काय भाषांतर केलं.

त्याच महिन्यात 'फ्रीडम हाऊस'ने भारताला 'अंशतः स्वतंत्र' म्हटलं होतं. दोन्हींची सोशल मीडियावर इतकी सरमिसळ झाली की ती आजही सुटलेली नाही. फ्रीडम हाऊस ही वॉशिंग्टनमधली स्वयंसेवी संस्था, तिला अनेक वर्षं मोठा पैसा अमेरिकी सरकारकडून येत होता. 'सदोष लोकशाही' म्हणणारी 'इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिट' ही इकॉनॉमिस्ट साप्ताहिकाच्या समूहातली व्यापारी संस्था. व्ही-डेम विद्यापीठातलं. तिघांची पद्धत वेगळी, पैसा वेगळा, शब्द वेगळे.

भारत सरकारला हे झोंबलं. परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी मार्च २०२१ मध्येच अशा संस्थांवर जाहीर टीका केली, जगाला प्रमाणपत्रं वाटायला यांना कुणी नेमलं असा त्यांचा सूर होता. नुसती टीका असती तर तिथेच संपलं असतं. पण नोव्हेंबर २०२२ मध्ये पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेचे संजीव सन्याल आणि आकांक्षा अरोरा यांनी एक शोधनिबंधच काढला. भारत अशा निर्देशांकांमध्ये मागे का पडतो, असा विषय. हा निबंध वाचण्यासारखा आहे, कारण त्यात राग कमी आणि मुद्दे जास्त आहेत.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. हे आकडे मूठभर, नाव न सांगितलेल्या तज्ज्ञांच्या मतांवर उभे आहेत. भारताचा आजचा आकडा आणीबाणीच्या पातळीला आलाय, हे पटण्यासारखं आहे का? काही प्रश्न भारताला लागूच पडत नाहीत. उदाहरणार्थ, थेट जनमताचा घटक. आपल्या राज्यघटनेत देशपातळीवर सार्वमत घेण्याची तरतूद नाही, म्हणून तिथे भारताला शून्य आणि क्युबासारख्या देशाला वरचा नंबर. आणि हे सगळं केवळ इभ्रतीचं प्रकरण नाही. जागतिक बँक तिच्या सुशासनाच्या निर्देशांकात हे आकडे घेते, पतमानांकन करणाऱ्या कंपन्या तो निर्देशांक बघतात. म्हणजे शेवटी देशाला कर्ज कुठल्या व्याजाने मिळतं इथपर्यंत धागा जातो.

यातला पैशाचा मुद्दा सगळ्यात वजनदार आहे. विद्यापीठातल्या केंद्राने अभ्यासासाठी काढलेला आकडा जेव्हा व्याजाच्या हिशोबात जातो, तेव्हा त्याच्याकडून जास्त हिशोब मागणं रास्तच. आणीबाणीचा प्रश्नही टाळण्यासारखा नाही. त्या काळात विरोधी पक्षांचे नेते तुरुंगात होते, वर्तमानपत्रांवर उघड सेन्सॉरशिप होती, लोकसभेची मुदत वाढवली होती. आजची परिस्थिती त्याच्या शेजारी बसते का, यावर भारतातले अभ्यासकही एकमताचे नाहीत.

सार्वमताचा मुद्दा मात्र लंगडा आहे. तो घटक 'सहभागाची लोकशाही' या वेगळ्या निर्देशांकात मोजला जातो. भारताचा शिक्का ज्या आकड्यावरून बदलला त्यात तो येतच नाही. आणि नावं गुप्त ठेवण्याचं कारणही समजण्यासारखं आहे. आपल्याच सरकारला कमी मार्क देणाऱ्या प्राध्यापकाचं नाव छापलं, तर काही देशांत तो दुसऱ्या दिवशी कामावर जाऊ शकणार नाही. नावं काढून टाकून प्रत्येक तज्ज्ञाने काय उत्तर दिलं ते मात्र डाउनलोड करता येतं. हे करणारे निर्देशांक जगात फार थोडे आहेत.

शिक्क्याबद्दल एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे निम्मी भांडणं मिटतील. आकडा हळूहळू सरकतो, शिक्का मात्र एका रेषेवर बदलतो. ३५ ला पास आणि ३४ ला नापास, तसं. देश 'निवडणूक लोकशाही' म्हणवून घ्यायचा तर निर्देशांक निम्म्याच्या वर हवा आणि निवडणुका पुरेशा बहुपक्षीय आणि मोकळ्या असाव्या लागतात. रेषेच्या आसपासच्या देशांबद्दल शंका आहे हे व्ही-डेम स्वतःच नोंदवतं. शिवाय दरवर्षी नवी उत्तरं आली की जुन्या वर्षांचे आकडेही नव्याने काढले जातात. म्हणूनच २०२१ साली जी बातमी झाली, ती घसरण २०१८ सालीच झाल्याचं २०२४ च्या अहवालात लिहिलेलं दिसतं. जुना स्क्रीनशॉट आणि नवा स्क्रीनशॉट शेजारी ठेवून 'आकडे बदलले, बघा घोटाळा' म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

२०२४ च्या लोकसभेत भाजप २४० जागांवर थांबला, स्वतःचं बहुमत गेलं. तेव्हा लोकांनी विचारलं, एकाधिकारशाहीत असं होतं का? मार्च २०२५ च्या अहवालात भारताचा शिक्का मात्र तोच राहिला. व्ही-डेमच्या व्याख्येत 'इलेक्टोरल ऑटोक्रसी' म्हणजे निवडणुका खोट्या असलेला देश नव्हे. निवडणूक होते, सत्ताधाऱ्याला फटकाही बसू शकतो, पण माध्यमं, संघटना, आयोग या बाजूंनी मैदान सपाट नसतं, असा त्याचा अर्थ. पटो न पटो, पण वाद घालायचा तर या व्याख्येशी घालायला हवा. मराठीत 'हुकूमशाही' म्हटलं की डोळ्यांसमोर लष्करी गणवेश येतो, आणि भांडण भलतीकडेच जातं.

घरातूनही टीका

व्ही-डेमवर सगळ्यात अडचणीची टीका सरकारांकडून आली नाही, राज्यशास्त्राच्या आतूनच आली. अँड्र्यू लिटल आणि ॲन मेंग या दोन अमेरिकी अभ्यासकांनी म्हटलं, तज्ज्ञांची मतं बाजूला ठेवू आणि मोजता येणाऱ्या गोष्टी बघू. सत्ताधारी किती वेळा हरतात, किती फरकाने जिंकतात, किती पत्रकार तुरुंगात आहेत. त्यांना गेल्या दशकात जगभर लोकशाही घसरल्याचा फारसा पुरावा सापडला नाही. कदाचित जगच वाईट चाललंय अशा बातम्या वाचून तज्ज्ञांचाच मूड खराब झाला असेल, अशी शंका त्यांनी मांडली. एखादा विशिष्ट देश घसरलाच नाही, असं मात्र ते म्हणत नव्हते.

हा लेख २०२४ साली छापून आला तेव्हा व्ही-डेमच्या लोकांनीही उत्तर छापलं : तज्ज्ञ दिवसेंदिवस निराश होत चालल्याचा पुरावा आकड्यांत दिसत नाही, आणि सत्ताधारी हरला की नाही एवढ्यावरून लोकशाही मोजली तर हुशार सत्ताधाऱ्याने आधीच मैदान कसं वाकवलं ते दिसणारच नाही. वाद संपलेला नाही. पण तो व्ही-डेमचाच डेटा उघडून घालता आला, हे महत्त्वाचं. माझ्या मते अशा आकड्यांची दिशा गांभीर्याने घ्यावी, दशांश चिन्हापुढचा आकडा आणि जगातला नंबर मात्र हलक्या हाताने घ्यावा. ९८ वा नंबर आणि १०४ वा नंबर यात बऱ्याचदा काहीच फरक नसतो.

पैसा कुठून येतो?

कमेंटमध्ये हमखास येणारा प्रश्न. वालेनबर्ग या स्वीडिश उद्योगपती घराण्याचं प्रतिष्ठान, स्वीडनची संशोधन परिषद, तिथल्या मध्यवर्ती बँकेने सुरू केलेला संशोधन निधी, युरोपियन संशोधन परिषद, जागतिक बँक, स्वीडनचं परराष्ट्र खातं. यादी लांब आहे आणि वेबसाइटवर आहे. हा सगळा पश्चिमेचा पैसा आहे, हे खरं. एकच देणगीदार नाही, त्यामुळे एकाने हात आखडला तरी दार बंद होत नाही, हेही खरं.

पण या मांडणीला एक कायमचं दुखणं आहे. निधी येतो तीन किंवा पाच वर्षांचा, डेटा मात्र कायम चालू ठेवावा लागतो. नवीन प्रकल्पाला पैसे द्यायला सगळे तयार, जुनी यादी दरवर्षी अद्ययावत करायला कुणी उत्साही नसतं. रस्त्याच्या उद्घाटनाला आमदार येतात, खड्डे बुजवायला येत नाहीत, तसंच. म्हणून अशा केंद्रातली माणसं संशोधनाइतकाच वेळ पुढच्या अर्जावर घालवतात.

मग आपण का काढत नाही आपला निर्देशांक?

सन्याल-अरोरा यांची एक शिफारस हीच होती, भारतीय संस्थांनी असं काम करावं. कल्पना चांगली आहे, आणि आपल्याकडे पाया अजिबात नाही असंही नाही.

रजनी कोठारी यांनी १९६३ साली दिल्लीत 'सीएसडीएस' ही संशोधन संस्था काढली आणि १९६७ च्या निवडणुकीत देशभर मतदारांची पाहणी केली. मिशिगन विद्यापीठाचे सॅम्युअल एल्डरस्वेल्ड आणि सीएसडीएसचे बशिरुद्दीन अहमद यांनी या काळातल्या भारतीय मतदारावर मिळून पुस्तक लिहिलं. म्हणजे गॉथेनबर्गच्या निवडणूक अभ्यासामागे जी मिशिगनची पद्धत होती, तिच्याशी आपलंही नातं आहे. १९९६ पासून या पाहण्या पुन्हा जोमाने सुरू झाल्या आणि १९९७ मध्ये त्यासाठी 'लोकनीती' हा कार्यक्रम उभा राहिला.

सीएसडीएस विद्यापीठाचा भाग नाही, पण लोकनीतीचं काम चालतं ते राज्याराज्यांतल्या विद्यापीठं आणि कॉलेजांतल्या राज्यशास्त्राच्या शिक्षकांवर. पुणे विद्यापीठाच्या राज्यशास्त्र व लोकप्रशासन विभागात शिकवणारे सुहास पळशीकर लोकनीतीचे सहसंचालक होते. मतदार यादीतून ठराविक पद्धतीने नावं निवडायची आणि त्याच माणसाला घरी जाऊन भेटायचं, शेजारी भेटला म्हणून त्याची मुलाखत चालत नाही. कुणाला मत दिलं हे तोंडाने सांगायला लोक बिचकतात, म्हणून नमुना मतपत्रिका आणि पेटी सोबत न्यायची. हे काम करत हिंडतात ते बहुतेक विद्यार्थी. महाराष्ट्रात मराठा, दलित, ओबीसी मतं कुठे गेली यावर टीव्हीवर आपण जी चर्चा ऐकतो, तिचा पुष्कळसा कच्चा माल असा गोळा झालेला असतो.

विद्यापीठातल्या विभागांना थेट बळ देण्यासाठी यूजीसीची विशेष सहाय्य योजना होती. पाच-पाच वर्षांच्या टप्प्यांनी निधी, सगळ्यात वरची पायरी 'प्रगत अध्ययन केंद्र'. पुण्याचा विभाग या योजनेत होता आणि त्याने शोधनिबंधांची मालिकाही काढली. गॉथेनबर्गच्या केंद्रांच्या सगळ्यात जवळ जाणारी आपल्याकडची व्यवस्था हीच.

व्ही-डेमसारखं काम उभं करायला विभागात काय लागतं त्याचा हिशोब मांडला तर अडचण दिसते. दहा वर्षं एकाच जागी राहणारे पूर्णवेळ प्राध्यापक, डेटा सांभाळणारी पगारी माणसं, संख्याशास्त्र शिकलेले पीएचडीचे विद्यार्थी, आणि सरकारला न आवडणारा आकडा आला तरी चालू राहणारा पैसा. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत आणि कॉलेजांत प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या आहेत, शिकवणी तासिका तत्त्वावर चालते. तासावर पैसे मिळणारा शिक्षक सकाळी एका कॉलेजात आणि दुपारी दुसऱ्या कॉलेजात असतो. त्याच्याकडून २०३५ पर्यंत चालणाऱ्या डेटाची अपेक्षा कोण करणार?

स्वतः बघायचं असेल तर

व्ही-डेमचा सगळा डेटा फुकट आहे, खातं उघडायचीही सक्ती नाही. वेबसाइटवर आलेख काढायची सोय आहे. देश म्हणून भारत निवडा, 'निवडणूक लोकशाही' आणि 'उदारमतवादी लोकशाही' हे दोन निर्देशांक घ्या आणि साल १९०० पासून आजपर्यंत ठेवा. स्वातंत्र्यानंतरची मोठी चढण, १९७५ ला पडलेला खड्डा, १९७७ नंतर पुन्हा वर आलेली रेष आणि अलीकडची उतरण, सगळं एका नजरेत दिसतं. मग शेजारी श्रीलंका किंवा ब्राझील घेऊन बघा. त्यानंतर मोठा निर्देशांक सोडून एकेक घटक उघडा, न्यायालय वेगळं, माध्यमं वेगळी, मताधिकार वेगळा. मताधिकाराची रेष वर टेकलेली दिसेल, माध्यमांची खाली आलेली.

आलेखात अनिश्चितता दाखवण्याचा पर्यायही आहे. तो चालू केला की रेषेच्या दोन्ही बाजूंना फिकट पट्टा उमटतो. खरा आकडा त्या पट्ट्यात कुठेही असू शकतो, असा त्याचा अर्थ. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या चित्रात हा पट्टा जवळपास कधीच नसतो.